ऑर्ग चार्टसाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर: आधी यादी, मग चौकटी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दारव्हा तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी. बँकेने कर्जाच्या फाईलसोबत कंपनीचा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली हे चौकटी-रेघांनी दाखवणारा तक्ता, मागितला आहे. ऑफिसात 4 जीबी रॅमचा एकच लॅपटॉप, नेट म्हणजे तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. चार्ट मराठीत हवा, सॉफ्टवेअर फुकटचं हवं पण चोरीचं नको, जमल्यास ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही बघता-बदलता येतो असं. आणि शेवटी तुम्ही सहज लिहून टाकलंय, "दर वर्षी आमसभेनंतर यात बदल होतो." माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे.

कारंज्यात माझं 22 वर्षांपासून डीटीपीचं दुकान आणि कॉम्प्युटर क्लास आहे. पतसंस्था, शाळा, बचत गटांचे प्रभागसंघ, तुमच्यासारख्या दोन-तीन उत्पादक कंपन्या, असे बरेच चार्ट काढून दिले. पहिल्यांदा चार्ट काढायला काहीही चालतं, पट्टी-पेन्सिलसुद्धा. कसोटी लागते दुसऱ्या वर्षी. एक संचालक बदलला म्हणून अख्खं चित्र पुन्हा मांडावं लागत असेल तर आपलं काहीतरी चुकलंय.

म्हणून कोणतं सॉफ्टवेअर हे तीन गोष्टींवर ठरतं: चौकटी किती, बदल किती वेळा, आणि बदल करणार कोण. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. उद्या तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं तर त्याला ती फाईल उघडून एक नाव बदलता आलं पाहिजे. तुमच्या वर्णनावरून 20-25 चौकटी होतील, बदल वर्षातून एकदा. एवढ्यासाठी लिब्रेऑफिस या ऑफिस-कामाच्या संचामधलं ड्रॉ हे चित्र काढायचं साधन पुरतं, दुसरं काही उतरवून घेऊ नका. गावनिहाय गटप्रमुखसुद्धा दाखवायचे असतील आणि आकडा 60-70 वर जाणार असेल, तर मात्र यादीवरून आपोआप चित्र काढणारं साधन बरं. दोन्ही सांगतो. पण त्याआधी यादी.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसमधलं रकान्यांच्या तक्त्यांचं साधन), किंवा साध्या वहीत, चार रकाने आखा: क्रमांक, पद, नाव, आणि 'कोणाला उत्तर देतो'. चौथ्या रकान्यात नाव लिहायचं नाही, वरच्या पदाचा क्रमांक लिहायचा. म्हणजे 1 संचालक मंडळ, 2 मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ (उत्तर 1 ला), 3 लेखापाल (उत्तर 2 ला), 4 गोदामपाल (उत्तर 2 ला), अशी. माणसं बदलतात, पदं टिकतात. नाव बदललं की एक खण बदलतो, बाकी सगळं जागेवर राहतं.

ही यादी करताना भांडणं होतात, आणि ती सॉफ्टवेअर उघडण्याआधी झालेली बरी. एका कंपनीत मी विचारलं, हमालांचा मुकादम कोणाला विचारून काम करतो? गोदामपाल म्हणाला मला, सीईओ म्हणाला मला, आणि दाराशी उभा असलेला मुकादम म्हणाला, "मले तं अध्यक्ष साहेबच फोन करतात." तिथे पाऊण तास गेला. चार्ट नंतर वीस मिनिटांत झाला.

तुमच्या प्रश्नात एक जागा खटकली. तुम्ही क्रम लिहिलाय: अध्यक्ष, त्यांच्याखाली सीईओ, त्यांच्याखाली संचालक. उत्पादक कंपनीत असं नसतं. सगळ्यात वर सभासदांची आमसभा, तिच्याखाली संचालक मंडळ (कायद्याने किमान 5, जास्तीत जास्त 15 संचालक), आणि मंडळाच्या खाली मुख्य कार्यकारी अधिकारी. हा माणूस पूर्णवेळ असावा लागतो, मंडळ त्याला नेमतं आणि तो सभासदांपैकी नसावा, असं कायदा म्हणतो. तो पदसिद्ध संचालक असतो, तरी चार्टमध्ये त्याची चौकट मंडळाखालीच येते, कारण तो उत्तर मंडळाला देतो. संचालकांच्या दहा वेगळ्या चौकटी काढत बसू नका. एकच रुंद चौकट, वर 'संचालक मंडळ', आत नावं, अध्यक्षांचं नाव पहिलं आणि ठळक. अंतर्गत लेखापरीक्षण तुमच्या कंपनीला बंधनकारक आहे. त्या लेखापरीक्षकाची चौकट मंडळाला बाजूने जोडा, सीईओच्या खाली नाही. कर्जाची फाईल बघणारा माणूस चौकटींचे रंग बघत नाही. माल ताब्यात असलेला आणि हिशेब लिहिणारा एकच तर नाही ना, हे तो बघतो.

काही लोक दोघांना उत्तर देतात. गावातल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं बघा ना, रोजचं काम सरपंचांसोबत आणि प्रशासकीय दोरी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या हाती. तुमच्याकडे गोदामपाल तसा असेल: हुकूम सीईओचा, पण साठ्याचा रोजचा आकडा लेखापालाला द्यायचा. अशा वेळी मुख्य नात्याला सरळ रेघ आणि दुसऱ्या नात्याला तुटक रेघ. यादीत पाचवा रकाना करून तिथे दुसरा क्रमांक टाका. तुटक रेघा दोन-तीनच ठेवा. सगळेच सगळ्यांना जोडले की चार्टचं कोळ्याचं जाळं होतं.

आता लिब्रेऑफिस ड्रॉ. लिब्रेऑफिस 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं, खऱ्या अर्थाने ओपन सोर्स आहे, आणि एकदा उतरवलं की नेटची गरज नाही. 4 जीबीत चालतं. फक्त ड्रॉ उघडं असताना ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे ठेवू नका.

ड्रॉमध्ये ऑर्ग चार्टचं तयार बटण नाही, म्हणून बरेच जण तोंड वाकडं करतात. पण एक गोष्ट नीट शिकलात तर बटणाची गरज पडत नाही. ती म्हणजे कनेक्टर. साधी रेघ आणि कनेक्टर पडद्यावर सारखेच दिसतात, पण साधी रेघ नुसती चौकटीला टेकलेली असते आणि कनेक्टर चौकटीला चिकटलेला असतो. चौकट हलवली की कनेक्टर मागे मागे येतो.

हे मी फटका खाऊन शिकलो. दुकान नवं होतं तेव्हा एका पतसंस्थेचा चाळीसेक चौकटींचा चार्ट मी वर्ड प्रोसेसरमध्ये साध्या रेघांनी काढला होता. आमसभेच्या आदल्या रात्री सांगावा आला, एक शाखा वाढली, मधे घाला. मधे घातली, बाकीच्या चौकटी उजवीकडे सरकवल्या, आणि रेघा सगळ्या जुन्या जागीच. शिपायाची रेघ थेट उपाध्यक्षांच्या डोक्यावर जाऊन टेकली. एकेक रेघ ओढत बसलो, अकरा वाजता लाइन गेली, इन्व्हर्टरने चाळीस मिनिटं साथ दिली. उरलेला चार्ट सकाळी सहाला पूर्ण केला, तोही वाकडाच.

तर पद्धत अशी. नवीन ड्रॉइंग उघडून पान ए4 आडवं करा, चौकटी जास्त असतील तर ए3. एक आयत काढा, एफ4 दाबून त्याचा आकार पक्का करा, समजा 4 सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच. आयतावर दोनदा क्लिक केलं की आत लिहिता येतं. वरच्या ओळीत पद, खालच्या ओळीत नाव. पद लांब असेल तर ते चौकटीबाहेर सांडतं, त्यासाठी फॉरमॅट मेनूत टेक्स्ट ॲट्रिब्यूट्समध्ये 'वर्ड रॅप टेक्स्ट इन शेप'वर टिक करा. हा एक आयत मनासारखा झाल्याशिवाय दुसरा काढू नका. मग तो निवडून शिफ्ट आणि एफ3 दाबा. डुप्लिकेटची खिडकी उघडते, तिथे किती प्रती आणि प्रत्येक प्रत किती अंतरावर हे विचारतं. एक्स अक्षावर साडेचार सेंटिमीटर, वाय अक्षावर शून्य, प्रती 5 लिहा. एका ओळीत समान अंतरावर सहा चौकटी तयार. नजरेने जुळवत बसायचं काम नाही.

मग कनेक्टर. ड्रॉइंग टूलबारवर कनेक्टरच्या चिन्हातून काटकोनात वळणारा साधा प्रकार घ्या. माउस चौकटीवर नेला की तिच्या चार कडांच्या मध्यावर छोटे बिंदू दिसतात. वरच्या चौकटीच्या खालच्या बिंदूवर दाबून धरा, खालच्या चौकटीच्या वरच्या बिंदूवर नेऊन सोडा. सगळ्या खालच्या चौकटी एकाच ओळीत असतील तर कनेक्टर मधे एकाच उंचीवर वळतात आणि कंगव्यासारखी नीट रचना दिसते. झाल्यावर एक चौकट हलवून बघा. रेघ मागे राहिली तर ती बिंदूवर चिकटलीच नाही, पुसून पुन्हा ओढा. तुटक रेघेसाठी कनेक्टर निवडून लाइनच्या गुणधर्मात डॅश घ्यायचा.

फाईल ओडीजीमध्ये, म्हणजे ड्रॉच्या मूळ प्रकारात, जतन करा, बँकेला पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसून जातो, त्यामुळे समोरच्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरं मोडत नाहीत.

मराठीबद्दल मात्र थोडं थांबून सांगावं लागेल, कारण माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न सॉफ्टवेअरचे नसतात, फॉन्टचे असतात. तुमच्या ऑफिसात नावांची यादी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे मराठी अक्षर कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणारी पद्धत) टाइप केलेली असेल तर ती इथे उपयोगाची नाही. कृतिदेव या तसल्याच जुन्या फॉन्टमधला 'क' हा कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजी 'डी' असतो. फॉन्ट बदलला की नाव जाऊन इंग्रजी कचरा उरतो. ती यादी आधी युनिकोडमध्ये करून घ्या, वीस-पंचवीस नावं असतील तर नव्याने टाइप करणं सोपं. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, छपाईला विचारावं लागत नाही.

लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडा. लिब्रेऑफिस इंग्रजी अक्षरांचा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा लक्षात ठेवतं, आकारसुद्धा वेगळा. क्लासमधली पोरं दर बॅचला विचारतात, "सर, साइज 14 केला तरी मराठी लहानच, हे काहून असं होऊन राह्यलं?" कारण तुम्ही बदलला तो इंग्रजीचा आकार. कॅरेक्टरच्या खिडकीत दोन्ही रकाने दिसतात, दोन्हीकडे सारखंच भरा.

आता दुसरा मार्ग, गटप्रमुखांसकट 60-70 चौकटी असतील तर. इथे मी ड्रॉ डॉट आयओची डेस्कटॉप आवृत्ती वापरतो (नाव सारखं असलं तरी हे लिब्रेऑफिसचं ड्रॉ नव्हे). तिला नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तिचा सोर्स कोड खुला आहे. पण बाहेरच्यांनी लिहिलेला कोड ती बनवणारी मंडळी घेत नाहीत. 'ओपन सोर्सच हवं' हा तुमचा आग्रह तत्त्वाचा असेल तर उतरवण्याआधी सोबतचा परवाना वाचा. पैसे वाचावेत एवढाच हेतू असेल तर बिनधास्त वापरा. तुमच्या लॅपटॉपवर थोडं जड वाटेल.

यातली कामाची सोय म्हणजे सीएसव्ही आयात (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी). अरेंज मेनूतल्या इन्सर्टमध्ये ती सापडते. उघडली की आत नमुना आधीच भरलेला असतो, आणि योगायोगाने तो ऑर्ग चार्टचाच आहे. # या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे सूचना: चौकटीत काय लिहायचं, कोणता रकाना कोणत्या रकान्याला जोडायचा, मांडणी कशी करायची. त्याखाली रकान्यांची नावं आणि मग माणसं. आपण वर केलेली यादी कॅल्कमधून सीएसव्ही म्हणून जतन करताना कॅरेक्टर सेट युटीएफ-8 निवडा आणि नमुन्याच्या जागी चिकटवा. रकान्यांची नावं मी इंग्रजीतच छोटी ठेवतो, आतला मजकूर मराठीत. जोडणीच्या ओळीत त्या नावांचं स्पेलिंग तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर चौकटी येतात आणि रेघा येत नाहीत. दुसरी ठेच स्वल्पविरामाची. 'खरेदी, विक्री प्रमुख' असं पद असेल तर त्याला दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर पद अर्धं एका रकान्यात आणि अर्धं दुसऱ्यात.

पुढच्या वर्षी यादीत चार नावं बदलायची, पुन्हा चिकटवायचं, चित्र नव्याने उभं. हाताने हलवाहलव केली असेल तर ती मात्र जाते. तेव्हा आधी यादी पूर्ण करा आणि सजावट अगदी शेवटी.

तिसरं ग्राफविझ. हे एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं, ओपन सोर्स आहे आणि जुन्यातल्या जुन्या मशीनवर पळतं. यात माउस नाही. एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ओळी लिहायच्या:

"संचालक मंडळ" -> "मुख्य कार्यकारी अधिकारी";

अशा जितकी नाती तितक्या ओळी. मांडणी ते स्वतः करतं. मला स्वतःला हे फार आवडतं, पण तुमच्या ऑफिसला सुचवणार नाही. एक तर तुमच्यानंतरचा माणूस फाईल बघून घाबरेल. दुसरं, रेघा एकमेकींना छेदू नयेत म्हणून कोणती चौकट डावीकडे आणि कोणती उजवीकडे हे ते स्वतः ठरवतं. त्याला आवर घालता येतो, पण शिकावं लागतं. आपल्याकडे डावं-उजवं हा मानाचा प्रश्न असतो. एका प्रभागसंघात कोषाध्यक्ष ताई सचिव ताईंच्या आधी आल्या म्हणून छापलेला चार्ट परत आला होता.

बाकीची नावं तुम्हाला शोधताना दिसतीलच. डिया हे जुनं आणि हलकं आहे, पण त्यात नव्या सुधारणा करण्याचं काम फार संथ चालतं, नव्याने शिकू नका. वायएड आपोआप मांडणीत फार चांगलं आहे, पण ते फक्त मोफत आहे, ओपन सोर्स नाही. फ्रीप्लेन हे मनोनकाशांचं (माइंड मॅपचं) आहे, बैठकीत कच्चा आराखडा पटपट लिहून घ्यायला उत्तम: टॅब दाबला की खालची पायरी, एंटर दाबला की शेजारची. चार्ट म्हणून छापायला नको.

इंकस्केप हे रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर मात्र उतरवून ठेवा, चार्ट काढायला नाही, फ्लेक्ससाठी. तुम्ही लिहिलंय की गोदामाच्या भिंतीवर मोठा चार्ट लावायचा आहे. फ्लेक्सवाल्याला ओडीजी किंवा डॉक फाईल कधी देऊ नका. त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसतो, मग त्याचा ऑपरेटर आपल्या फॉन्टमध्ये सगळं पुन्हा टाइप करतो, आणि 'अध्यक्ष'चा पाय मोडून आठ फुटांवर छापून येतो. ड्रॉमधून काढलेली पीडीएफ द्या. ती उघडूनही अक्षरं बिघडत असतील तर चार्ट ड्रॉमधून एसव्हीजीत (रेषाचित्राच्या फाईलचा एक प्रकार) काढा, तुमच्याच लॅपटॉपवर इंकस्केपमध्ये उघडा, सगळं निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पुन्हा पीडीएफ काढा. मग अक्षरं अक्षरं राहत नाहीत, चित्रं होतात, फॉन्टचा प्रश्नच मिटतो. अर्थात चुकीचं नाव मग दुरुस्त होत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा. आणि ड्रॉ डॉट आयओमधून एसव्हीजी काढून इंकस्केपमध्ये नेऊ नका. चौकटीतल्या मजकुराला वर्ड रॅप किंवा फॉरमॅटेड टेक्स्ट चालू असेल तर अक्षरांच्या जागी 'हा मजकूर एसव्हीजी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते. तिथून थेट पीडीएफच काढा.

भिंतीवरच्या चार्टमध्ये नावांऐवजी फक्त पदं छापली तर फ्लेक्स चार-पाच वर्षं चालतो. नावं ए4 कागदावर छापून शेजारी प्लास्टिकच्या खिशात लावा. नावं हवीतच असतील तर खालच्या कोपऱ्यात तारीख घाला, 'अमुक दिनांकाच्या आमसभेनुसार' अशी. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या पायरीशी जुना फ्लेक्स अजून लटकतोय. त्यावरचे सचिव वारून सहा वर्षं झाली, आणि नवा कुरियरवाला आला की आधी त्यांनाच विचारतो.